सहाच्या आधीची तारीख

गुरुवार, ४ जून

आत्या,

फोनवर मी कितीही ओरडले तरी तुला ऐकू येत नाही आणि तुझ्या शेजारणीला सगळं ऐकू येतं, म्हणून हे पत्र. एकतीस वर्षं मशीन रूमच्या घरघरीने तुझे कान खाल्ले असं बाबा म्हणतात. सोमवारपासून मी त्याच खोलीत बसते. खुर्चीही तुझीच. डाव्या हाताखालचं रेक्झिन फाटलंय, तिथे तू चिकटपट्टी लावली होतीस, ती अजून आहे.

हॉस्पिटलने मला एकाच कामासाठी घेतलं. रोज, आठवड्याला, महिन्याला जी कामं मशीनवर चालवावी लागतात, तुमच्या भाषेत जॉब, ते सगळे मिळून दोनशे चौदा आहेत. प्रतीक्षायादी तुझ्या जुन्या युनिक्स मशीनवर, लॅबमध्ये लिनक्स, वॉर्डात आणि नोंदणीला विंडोज. तिघांची तीन वेळापत्रकं, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. लॅबचा निकाल यादीपर्यंत पोचायचा तर मध्ये माणूस लागतो. तो माणूस तू होतीस. फोन उचलून "झालं का?" विचारायचीस आणि मग पुढचं बटण दाबायचीस. आता तुझ्या हाताखालचा एकच जुना ऑपरेटर उरलाय, तो ३० जूनला सुटतो. १ जुलैपासून सगळं एका शेड्यूलर प्रोग्रामने आपोआप चालवायचं, असा साहेबांचा हुकूम आहे.

माझ्याकडे आहे तुझी लाल रेघांची वही. दोनशे चौदा नोंदी, सुरेख अक्षर, कुठे खाडाखोड नाही. पण "सावध" असं कुठेही लिहिलेलं नाही. तुला सावध राहायला लावणारं काही असेल तर सांग.

बाबा ठीक. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. डाव्या हाताला सुया आणि ते डावखुरे, त्यामुळे कात्री धरता येत नाही, तर गिऱ्हाइकांना तोंडी कपडे बेतून देतात. किडनीच्या यादीत त्यांच्या रक्तगटात आता तिसरे आहेत. ती यादी रोज ज्या मशीनवरून निघते ते मशीन आता माझ्या हाती आहे, हे त्यांनी अख्ख्या डायलिसिस वॉर्डाला सांगितलंय. मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तुझी भाची


सोमवार, ८ जून

ठमे,

माझ्या खुर्चीत बसलीस, बरं वाटलं. चिकटपट्टी काढू नकोस, खालचा खिळा कोपराला लागतो.

आता ऐक. तू म्हणशील ही म्हातारी बटणं दाबायची, हिला शेड्यूलरमधलं काय कळतं? पण शेड्यूलर म्हणजे मीच होते, फक्त मला चहा लागायचा.

घड्याळाच्या भरवशावर एकामागे एक जॉब लावू नकोस. लॅबचा दोनला आणि यादीचा अडीचला, म्हणजे अर्धा तास पुष्कळ झाला, असं म्हणणाऱ्याला मी खोलीबाहेर काढला होता. ज्या दिवशी लॅबला पाऊण तास लागेल त्या दिवशी काय करशील? आधीच्याने "झालं" म्हटल्याशिवाय पुढच्याला सोडायचं नाही. आणि "झालं" तरी कशावरून? विंडोजवरून फाइल येत असते तेव्हा अर्धी आलेली फाइलही फाइलच दिसते. म्हणून फाइल पुरी पोचली की मागून एक रिकामी फाइल पाठवायची. ती दिसली तरच हात लावायचा.

तिन्ही मशीनांची घड्याळं एकाच ठिकाणाहून लावून घे. माझं जुनं मशीन अकरा मिनिटं मागे असायचं, मला ते पाठ होतं, तुझ्या शेड्यूलरला नसेल. पासवर्ड जॉबच्या पोटात लिहून ठेवू नकोस. प्रत्येक जॉब दोनदा चालला तरी नुकसान होणार नाही असा असू दे, कारण तो कधीतरी दोनदा चालणारच. प्रत्येकाला एक मालक असू दे, हाडामांसाचा, ज्याला झोपेतून उठवता येईल.

आणि सगळ्यात मोठं. नवं आणि जुनं शेजारी शेजारी चालव, पुरा एक महिना आणि वर एक दिवस. महिन्याने एकदाच येणारे जॉब चार आहेत, ते बघायला तेवढे दिवस लागतात. साहेब घाई करेल. त्याला सांग, आत्याने सांगितलंय.

सावध राहण्यासारखं वहीत सगळं आहे. वेगळं काही नाही.

माझ्या भावाला सांग, वॉर्डात फुशारक्या मारू नकोस. मी माझी किडनी देऊ केली होती, तर डॉक्टर म्हणाले साखर आहे. तेव्हापासून साखरेच्या डब्याकडे बघितलं की मला चीड येते.

आत्ताच पाखरं बोलायला लागली. मंगळवारचा पेपर अजून दारात पडलेला नाही, हा पोरगा रोज उशीर करतो. उजाडलं की पत्र टाकायला जाते.

आत्या


शुक्रवार, २६ जून

आत्या,

तुझ्या पत्राची मी चार पानं टिपणं काढली. साहेबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "तुमच्या आत्यांना मानलं." आणि मग महिन्याऐवजी दहाच दिवस दिले, १६ ते २५. काल संपले. आत्या, एकही जॉब चुकला नाही! सगळे हिरवे. पडद्यावर दोनशे दहा हिरवे ठिपके एका ओळीत, आणि मी एकटी खोलीत टाळ्या वाजवल्या. महिन्याचे जे चार आहेत ते त्या दहा दिवसांत आले नाहीत, पण ते मी तुझ्या वहीतून जसेच्या तसे उतरवलेत. दोनदा ताडून पाहिले.

प्रतीक्षायादीतल्या लोकांना दर महिन्याला रक्ताचा ताजा नमुना द्यावा लागतो, हे तुला मी सांगायला नको. बाबांच्या गटाचा दिवस नऊ. ज्यांचा नमुना आला नसेल त्यांना तुझा जॉब बाजूला ठेवतो, म्हणजे 'स्थगित'. वहीत स्पष्ट आहे: "९ तारीख, पहाटे ४". तसंच घातलं.

एक विचारू? तुझ्या पत्रावर सोमवार लिहिलंय आणि आत मंगळवारचा पेपर आला नाही म्हणून पोरावर चिडलीस. बाबांना दाखवलं तर ते नुसते हसले. वय होतंय का गं तुझं?

बाबा छान आहेत. यादीत आता पहिले. वरच्या दोघांना मिळाली, दोघंही चालतफिरत घरी गेले. त्यामुळे फोन वाजला की आम्ही दोघंही उभे राहतो.

तुझी ठमी


बुधवार, १ जुलै

ठमे,

वय तुझ्या साहेबाचं झालंय. दहा दिवस! दहा दिवसांत दुधाचं भांडं कळतं, मशीन नाही. हिरवा ठिपका म्हणजे जॉब चालला एवढंच. बरोबर चालला हे त्याला काय माहीत? निदान आकडे मोजायला लाव. रोज शंभर ओळी येतात आणि आज तीन आल्या तर थांबून ओरडलं पाहिजे त्याने. मी ओरडायचे.

आणि पेपरचं म्हणशील तर सहा वाजायच्या आधी कसला मंगळवार? मी सोमवारच लिहिणार.

यादीत पहिला आहे हे वाचून मी दोनदा घरातल्या घरात फिरून आले. त्याचं खाणंपिणं, तापबिप नीट सांभाळ. खरं सांग, तो खरंच छान आहे का? तू लहानपणापासून "छान" लिहितेस तेव्हा काहीतरी लपवतेस.

आत्या


शनिवार, ११ जुलै

आत्या,

हे पत्र शेजारणीला वाचायला देऊ नकोस.

नऊ तारखेला संध्याकाळी किडनी आली. बाबांच्या रक्तगटाची. सात वाजता यादी निघाली आणि यादीत बाबांचं नाव नव्हतं. त्या गटातलं एकही नाव नव्हतं, म्हणून किडनी ती चालणाऱ्या दुसऱ्या गटातल्या एका बाईंना गेली. मी काल कॉरिडॉरमध्ये त्यांचा नवरा पाहिला, भिंतीला टेकून रडत होता, आनंदाने. मला त्याचा राग आला. इतका आला की मला माझीच भीती वाटली.

बाबांना काहीच माहीत नाही. त्यांना किडनी आली हेच माहीत नाही.

काल सकाळी मी रेकॉर्ड उघडलं. नऊ तारखेला पहाटे चारला जॉब चालला. बाबांच्या गटातल्या सतराच्या सतरा जणांना त्याने स्थगित केलं, कारण एकाचाही नमुना आला नव्हता. येणार कसा? नमुना नऊला सकाळी आठपासून घेतात! लॅबचा निकाल रात्री दहाला येतो. पहाटे चारला कोणाचा नमुना असणार? आणि ठिपका हिरवा. सतरापैकी सतरा, आणि ठिपका हिरवा. तू लिहिलं होतंस आकडे मोजायला लाव. तुझं पत्र सहा तारखेला आलं. मी ते पुढच्या आठवड्याच्या कामांत टाकलं.

मी सतराही नावं परत आणली, काल सकाळी, हाताने. कोणाला सांगितलं नाही.

पण आत्या, मी चुकले कुठे? वही माझ्यापुढे उघडी आहे. "९ तारीख, पहाटे ४." तुझं अक्षर. एकतीस वर्षं तू हा जॉब चालवलास, मग तेव्हा सगळे दर महिन्याला कसे वाचले? काय लिहून ठेवलंयस तू हे?

तू विचारलं होतंस बाबा खरंच छान आहेत का. नाहीत. डाव्या हाताची शीर मे महिन्यापासून दोनदा बंद पडली, दोनदा दुरुस्त केली, उजव्या हातात लायक शीरच नाही. डॉक्टर म्हणाले सुया लावायला आता जागा उरत नाही, किडनी लवकर मिळाली पाहिजे. लवकर म्हणजे किती, तर ते खिडकीबाहेर बघायला लागले. मला तुला घाबरवायचं नव्हतं.

काय करू ते सांग. रागाने लिहिलंय, पण तुझ्याशिवाय मी कोणाला विचारू?

ठमी


मंगळवार, १४ जुलै. दुपारी तीन.

ठमे,

मुद्दाम दुपारी लिहिते आहे, म्हणजे तारखेवरून वाद नको.

पत्र वाचलं आणि तशीच शेजारणीकडे गेले. तिच्याकडून तुला फोनवर निरोप दिला, "सहाच्या आधीचे महिन्याचे जॉब एक दिवस पुढे ढकल." ती म्हणते तू नुसतं "हं" म्हणालीस. ते "हं" मला ऐकू आलं नाही, पण दिसलं.

आमच्या खोलीत दिवस सकाळी सहाला सुरू व्हायचा. रात्रपाळी दहाला चढायची, सहाला उतरायची. बारा वाजता तारीख बदलली तर एकाच पाळीच्या नोंदी दोन पानांवर जायच्या, आणि कोणी काय केलं यावर भांडणं व्हायची. म्हणून माझ्याही आधीच्या लोकांनी ठरवलं, पाळी उतरेपर्यंत तारीख तीच. नऊ तारीख पहाटे चार म्हणजे नऊची रात्र उलटून गेल्यावरचे चार. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तेव्हा दहा असते. नमुने नऊला दिवसा, निकाल त्याच रात्री दहा वाजता, आणि मग सगळे आले की चारला जॉब. तू तो चोवीस तास आधी सोडलास. रोजच्या जॉबना तारीख नसते, आठवड्याचे सगळे दिवसा चालतात, म्हणून ते तुला कळलं नाही. त्या महिन्याच्या चारांनाच फक्त तारीख.

हे मी तुला का नाही सांगितलं? कारण मला ते सांगण्यासारखं काही आहे हेच सुचलं नाही. मी अजूनही तशीच जगते. पाणी ओलं असतं हे कोणी वहीत लिहितं का?

पण एवढंच असतं तर मी आज जेवले असते. दुसरंही आहे, ते तुला सांगते, मग मला काय म्हणायचं ते म्हण.

मी निवृत्त झाले त्या आठवड्यात साहेबाने माझ्याकडे एक कोरा कागद दिला होता. "बाई, नव्या माणसाला माहीत हवं असं जे वहीत नसेल ते यावर लिहा." मी तो कागद तीन दिवस टेबलावर ठेवला. शेवटच्या दिवशी त्यावर "सर्व वहीत आहे" एवढंच लिहून सही केली. मला राग होता. एकतीस वर्षांनी त्यांना माझ्याऐवजी एक कागद पुरणार होता. माझ्या मनात आलं, अडू दे यांचं एखादवेळी. अडलं की येतील, म्हणतील, "बाई, तुमच्याशिवाय होत नाही हो." मला ते ऐकायचं होतं. कान गेलेल्या बाईला हे ऐकायचं होतं!

अडलं. माझ्याच भावाचं अडलं.

तुझी चूक नाही असं मी म्हणणार नाही. तू महिनाभर चालवायला हवं होतंस, त्या जुन्या ऑपरेटरला एकदा विचारायला हवं होतंस. पण तुझी चूक कामाची आहे. माझी मनाची आहे.

साहेबाला सांग. यादीच्या समितीला सांग. त्या सतराही लोकांना कळलं पाहिजे. आणि माझ्या धाकट्या भावाला तू सांगू नकोस, मी येऊन सांगते. ३ ऑगस्टला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, पट्टी सुटली की निघते.

आत्या


रविवार, २ ऑगस्ट

आत्या,

उत्तराला उशीर झाला. रोज लिहायला बसायचे आणि उठायचे.

तुझा निरोप आला त्याच दिवशी चारही जॉब एक दिवस पुढे नेले. वेळ काढून टाकली, आता लॅबचा "झालं" आल्याशिवाय तो यादीला हात लावत नाही. पाचापेक्षा जास्त माणसं एका वेळी बाजूला पडत असतील तर थांबतो आणि मला उठवतो. मालक म्हणून माझं नाव घातलं.

साहेब म्हणाले, "रेकॉर्डमध्ये जॉब यशस्वी आहे, तुम्ही कशाला वर काढता?" मी तुझं नाव घेतलं नाही. स्वतःच समितीपुढे गेले, सगळं लिहून दिलं. सतराही जणांना पत्रं गेली. माझी चौकशी चालू आहे, ती संपेपर्यंत खुर्ची माझ्याकडेच, कारण दुसऱ्या कोणाला चालवता येत नाही. तुला जे ऐकायचं होतं ते मला ऐकायला मिळालं. काही गोड लागत नाही ते.

आणि पत्र घरी गेलं, बाबांच्या नावाने. मी दारातच उभी राहिले. त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. म्हणाले, "पहाटे चारची तारीख ताईच्या वहीतून घेतलीस ना? मग मला विचारायचंस की."

त्यांना माहीत होतं, आत्या. त्यांना लहानपणापासून माहीत होतं! म्हणाले, "माझ्या परीक्षेच्या दिवशी ताई मला पाचला उठवायची. मी रडायचो, आज पेपर आहे आणि माझं काहीच झालं नाही. ती म्हणायची, रडतोस काय, सहा वाजल्याशिवाय आज कुठला? अजून कालच आहे, एक तास हातात आहे, वाच." तुझं सोमवारचं पत्र वाचून ते हसले होते ते यासाठी. मी विचारलं नाही का हसले. मला वाटलं तुझ्या वयाला हसले.

मी त्यांच्या पायाशी बसले. ते म्हणाले, "मिळाली ना कोणाला तरी? नासली तर नाही ना?" आणि मग म्हणाले, "ताईला लिही, मी रागावलो नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "नको लिहू. थोडा रागावलोय. तिला लिही, येऊन समजूत काढ."

आता मुख्य. गुरुवारपासून त्यांना ताप आहे. गळ्यात डायलिसिससाठी नळी घातली होती, तिथून जंतू रक्तात गेले. ॲडमिट केलंय. तापात नमुना घेत नाहीत. नऊला त्यांचा नमुना गेला नाही तर दहाला पहाटे माझाच दुरुस्त केलेला जॉब त्यांना स्थगित करील, आणि या वेळी तो बरोबर असेल.

मला एक ओळ टाइप करायची आहे. जुना नमुना ताजा म्हणून. तारखेतला महिना एकाने पुढे करायचा, बस. कोणाला कळणार नाही, मालक मीच आहे. ताप तीन दिवसांत उतरला आणि चौथ्या दिवशी किडनी आली तर? एकदा माझ्यामुळे गेली आहे, आत्या. दुसऱ्यांदा मी हात बांधून बघत बसू?

करू का नको ते लिही. नऊच्या आत.

ठमी


गुरुवार, ६ ऑगस्ट

ठमे,

एका डोळ्याने लिहिते आहे, अक्षर वेडंवाकडं येईल.

काल तुला एक पत्र लिहिलं. त्यात एकच शब्द होता, "कर". पाकिटात घातलं, पत्ता लिहिला, पेटीपाशी गेले आणि तिथेच फाडलं. घरी आले, परत तेच लिहिलं, परत फाडलं. सही न केलेलं तिसरं अजून उशीखाली आहे. तू जवळ असतीस तर मी तुझा हात धरून तुझ्याकडून टाइप करून घेतलं असतं, हे तुला माहीत असू दे.

पण तो जॉब मीच लिहिला होता, सव्वीस वर्षांपूर्वी. एका मुलाला तापात किडनी बसवली होती. चार दिवसांत मुलगाही गेला आणि किडनीही गेली, आणि यादीत मागे उभा होता त्याचीही संधी गेली. मोठे डॉक्टर खोलीत आले आणि म्हणाले, "बाई, असं काहीतरी करा की आमच्या हातून हे परत होणार नाही." म्हणून तो आहे. तो माणसं वगळायला नाही, राखायला आहे. ताप असताना त्याला किडनी मिळाली तर आपण दोघी मिळून त्याला मारू.

मी "नको" म्हणत नाही. माझ्याने तो शब्द लिहवत नाही. तू त्यालाच विचार. तो शिंपी आहे, माप चुकीचं लिहून कपडा बरोबर होत नाही हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

पट्टी नऊला दुपारी सुटते. त्याच संध्याकाळच्या बसने निघते. पहाटे साडेपाच-पावणेसहाला हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी उतरेन, तेच दार, ज्यातून मी एकतीस वर्षं आत गेले. तू ये. मला काही ऐकू येणार नाही, तेव्हा जे काही असेल ते कागदावर लिहून आण. चांगलं असो, वाईट असो, लिहून आण. तोंडाने सांगायला गेलीस तर तुझा चेहरा बघून मी भलतंच समजेन.

त्याला सांग, समजूत काढायला येते आहे. तोवर त्याला म्हणावं, घाई करू नकोस. अजून कालच आहे.

आत्या


(मागच्या दाराशी तुझ्या हातात द्यायला. तारीख तू घाल.)

आत्या,

बाकावर बसून लिहिते आहे. समोर घड्याळ आहे, पाच वाजून पंचवीस.

मी बाबांना विचारलं. नऊला सकाळी, शुद्धीत होते तेव्हा. ते म्हणाले, "खोटी तारीख घालून तू मला पहिला ठेवशील, आणि दुसरा जो आहे तो माझ्यासारखाच फोनकडे बघत बसला असेल. नको." मग म्हणाले, "तुझ्या आत्याची वही आहे ती. तिच्यात खाडाखोड नको."

मी टाइप केलं नाही.

चारला जॉब चालला. मी वॉर्डातूनच मोबाईलवर बघितलं. सतरापैकी सोळा जागच्या जागी, एक स्थगित. हिरवा ठिपका. बरोबर होतं, आत्या. पहिल्यांदाच सगळं बरोबर होतं.

सव्वाचारला बाबा जागे झाले. मला विचारलं, "आज किती तारीख?" मी तुझा निरोप सांगितला. म्हटलं, बाबा, अजून कालच आहे, सहा कुठे वाजलेत, आत्या वाटेत आहे. त्यांना हसू आलं. म्हणाले, "मग पडतो थोडा. सहाला उठव. ताईसमोर झोपलेलो नको."

पाचला दहा कमी असताना ते गेले. मी हात धरला होता, उजवा, तो सुयांचा नव्हता. त्यांना कळलं नाही, मला कळलं.

डॉक्टरांनी कागदावर दहा तारीख घातली आहे. मी ती घालू दिली. त्यांचा दिवस बारा वाजता बदलतो.

मी त्यांना हलवू दिलेलं नाही. म्हटलं, त्यांची बहीण येते आहे, सहापर्यंत थांबा. नर्स हो म्हणाल्या. चादर छातीपर्यंतच आहे, चेहरा उघडा आहे.

तू त्यांची समजूत काढायला आली आहेस. आत चल. सहाला अजून थोडी मिनिटं आहेत.

ठमी